भिंतीवरचा कागद न काढता रंगवलेलं घर

जर्मनीतल्या वुपरटालमधलं आमचं घर शंभरीच्या पुढचं आहे. उंच छत, लाकडी जमीन, चुन्याचा गिलावा, आणि त्या गिलाव्यावर सगळ्या खोल्यांत राउफाझर नावाचा भिंतीचा कागद. जर्मनीत राहणाऱ्यांना हा कागद वेगळा दाखवावा लागत नाही, भाड्याच्या घरात तो हटकून असतो. कागदाच्या थरांमध्ये लाकडाचा भुसा बसवलेला, त्यामुळे हात फिरवला की भिंत रवाळ लागते. ह्यूगो एरफुर्ट यांनी १८६४ साली तो तयार केला, आणि त्या घराण्याचा कागद कारखाना आजही आमच्याच गावात आहे. सुरुवातीला दुकानांच्या काचेमागे सजावटीला हा कागद वापरत, घरांच्या भिंतींवर तो बऱ्याच उशिरा चढला. नक्षीच्या कागदाला रंग लावला की नक्षी जाते. राउफाझर मात्र रंगवण्यासाठीच बनवलेला आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर भिंती दाखवल्या तेव्हा ती लगेच म्हणाली, "अगं, आधी तो कागद खरवडून काढा. जुन्यावर नवं चढवलं की पोपडे धरतात." साताऱ्याच्या घरापुरतं तिचं अगदी खरं आहे. तिथे रंगारी येतो, पत्र्याने जुना रंग काढतो, लांबी भरतो, पॉलिश पेपर मारतो, प्रायमर देतो आणि मग रंगाला हात घालतो. सिमेंटच्या गिलाव्याला हे सगळं सोसतं. इथला जुना चुना-वाळूचा गिलावा भुसभुशीत झालेला असतो. दिवाणखान्यात दिव्याच्या बटणाचं झाकण काढलं तर कडेला थर स्पष्ट दिसत होते: तळाशी हिरव्या पानांचा कागद, त्यावर बदामी पट्ट्यांचा, त्यावर राउफाझर आणि रंगाचे कितीतरी हात. हे ओढून काढायला गेलं तर कागदाबरोबर गिलावाही हातात येतो, मग सबंध भिंत नव्याने लिंपायची वेळ येते. त्या भिंतीला आज कागदानेच धरून ठेवलंय. तो घट्ट बसलेला असेल तर काढू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या हिरव्या पानांमागे कुणीतरी आवडीने घर सजवलं होतं, ते खरवडून कचऱ्यात टाकायला माझं मनही घेत नव्हतं.

पण घट्ट बसलाय हे आधी बघावं लागतं. भिंत बोटांच्या पेरांनी ठोकत जायची. पोकळ आवाज आला की तिथे खडूने खूण करायची. चिकटपट्टी जोरात दाबून झटक्यात ओढायची. तिच्याबरोबर रंगाचे तुकडे आले तर वरचा थर सुटलेला आहे. मग ओल्या स्पंजने भिंतीवर पाणी लावायचं. पाणी मुरून डाग गडद झाला तर नवा रंग धरेल. थेंब तसेच ओघळले तर खाली चकचकीत लॅटेक्स रंग आहे. तो आधी सोड्याच्या पाण्याने धुऊन घासून घ्यावा लागतो, नाहीतर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. थर खूपच जाड झाले असतील तर थांबावं. रंग वाळताना आकसतो, आणि तो ताण सांध्यांवर येऊन कडा उचलल्या जातात.

सुटलेल्या कडांखाली आम्ही खळ भरली आणि रबरी रोलरने दाबून बसवल्या. मधल्या फुग्याला पात्याने बारीक चीर देऊन सिरिंजने खळ आत सोडता येते. मात्र रंग ओला असताना दिसणाऱ्या फुग्यांना हात लावू नये. कागद पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की बहुतेक वेळा ताणून सपाट होतो.

आमची खरी अडचण वेगळी होती. आधीचे घरमालक दिवाणखान्यात वर्षानुवर्षं पाइप ओढायचे. तसबिरी काढल्यावर खाली पांढरे चौकोन आणि बाजूला चहासारखा पिवळट रंग. धुराचे हे डाग पाण्यात विरघळतात, म्हणून साधा पाण्याचा रंग दिला की ते त्यातून वर येतात, आणि कितीही हात मारले तरी उमटत राहतात. आधी डाग अडवणारा खास रंग द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग नेहमीचा. दुकानात हा डबा महाग वाटतो, पण त्याच्याशिवाय अशा भिंतीचं काम होत नाही.

रंगाच्या डब्यावर दोन आकडे बघावेत. घासून पुसल्यावर रंग किती टिकतो त्याचे १ ते ५ असे वर्ग असतात, झाकण्याच्या ताकदीचे १ ते ४. दोन्हींत १ सर्वांत चांगला. झाकण्याचा वर्ग एका लिटरमध्ये किती चौरस मीटर रंगवले यावर ठरतो, तेव्हा तो आकडाही सोबत वाचायचा. रवाळ कागद सपाट भिंतीपेक्षा जास्त रंग पितो, हिशेब सढळ ठेवावा. रोलर लांब केसांचा हवा, नाहीतर भुशाच्या कण्यांमधल्या खाचा कोऱ्या राहतात. खिडकीपासून सुरुवात करून आत सरकायचं, आणि एक पट्टा ओला आहे तोवर दुसरा त्याला भिडवायचा. कडेला लावलेली चिकटपट्टी रंग ओला असतानाच काढली तर रेघ स्वच्छ येते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण इथे घर सोडताना रंगवून द्या म्हणून सर्रास सांगतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १८ मार्च २०१५ रोजी निकाल दिलाय की घर मुळात न रंगवता ताब्यात दिलं असेल आणि त्याबद्दल योग्य भरपाई दिली नसेल, तर छापील करारातली रंगकामाची अट भाडेकरूवर बंधनकारक नाही. रोलर घेण्याआधी करार आणि घर घेतानाचे फोटो काढून बघा.

निजायच्या खोलीत मात्र मी माझंच मत बाजूला ठेवलं. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, कागदावर काळे ठिपके होते. बुरशीला कागद आणि खळ हे आयतं खाद्य, आणि वरून रंगवलं तर ती आत वाढतच राहते. तिथला कागद ओला करून, मास्क लावून काढला. गिलावा थोडा निघाला, तेवढा भरून घेतला. कपाट भिंतीपासून दूर सरकवलं म्हणजे मागे हवा खेळते. त्या भिंतीला चुना द्यायचं ठरवलं, कारण चुन्याच्या क्षारात बुरशी सहज धरत नाही.

चुना म्हटल्यावर आई खुलली. गावाकडे दिवाळीआधी घर चुन्यानेच पांढरं व्हायचं, नीळ आणि डिंक घालून. "भिंत आधी ओली कर, पहिला हात पातळ दे, आणि डोळे सांभाळ गं," तिने बजावलं. तिचं सगळं बरोबर निघालं, चष्म्यासकट. एवढंच लक्षात ठेवा: चुना ओला असताना पाण्यासारखा दिसतो, पांढरेपणा वाळल्यावर येतो. झाकलं नाही म्हणून लगेच जाड हात मारला तर त्याची भुकटी होऊन कपड्यांना लागत राहते.