वहिनीची आखाजी

9 मे 2024, गुरुवार

सुरतेच्या शाळांना सुट्टी लागली आणि आम्ही सकाळच्या गाडीत. उधना स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भुसावळकडे जाणारी गाडी म्हणजे सुरतेतलं अर्धं लिंबायत डब्यात. जो तो घरी निघालेला, आणि घर म्हणजे कुणाचं नंदुरबारकडे, कुणाचं दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर. सुरतेतलं ते नुसतं 'रूम'.

नवापूर आलं की माझ्या थोरल्याच्या अंगात येतं. त्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात, आणि एक बाकडं तर दोन्हींत वाटून घेतलेलं. गाडी थांबायचा अवकाश, हा खाली. एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून उभा. गाडीनं शिट्टी दिली तरी उभाच. मी दारातून ओरडत होते आणि डब्यातल्या चार मावश्या माझ्यापेक्षा जास्त ओरडत होत्या. नऊ वर्षांचा घोडा झालाय, पण दरवर्षी हेच.

अमळनेरला उतरलो तेव्हा ऊन असं की धाकटी म्हणाली, 'मम्मी, कुणीतरी ओव्हन उघडा ठेवलाय.' पुढे गावापर्यंत रिक्षा. दारात माय. धाकटीनं विचारलं, मामा कुठंय? माय आपल्या आहिराणीत म्हणाली, 'तो वावरमा शे.' तर ही माझ्या कानात, 'आजीला गुजराती नीट येत नाही ना? छे म्हणायचं असतं.'

10 मे, शुक्रवार. आखाजी

पहाटेच जाग आली ती खापराच्या वासानं. वहिनी अंगणातल्या चुलीसमोर उभी होती. खापरावरची पोळी लाटण्यानं मोठी करायची नसते, दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायची आणि कोपरापर्यंत आली की उलट्या खापरावर अलगद सोडायची. पुरण भरलेली असून फाटत नाही. मला अजून येत नाही. मायला यायची, आता तिचे खांदे धरलेत.

आबांनी घागर पुजली. कुंभाराकडची नवी घागर, तीवर डांगर, दोन सांजोऱ्या. सुरतेतल्या शेजारणीला डांगर म्हणजे खरबूज हे मी किती वेळा सांगितलंय, तिला हसूच येतं. आबांनी आगारी टाकली, म्हणजे विस्तवावर नैवेद्य, आणि गेलेल्यांची नावं घेतली. थोरल्यानं विचारलं, 'हे सगळे आमरस खायला येणार?' आबा म्हणाले, येऊन गेले. त्यावर पोरांनी रसाचं पातेलं तपासलं.

दुपारी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आला. आखाजी ते आखाजी असं त्याचं वर्ष. ओट्यावर बसून भावानं आणि त्यानं पुढच्या सालाचे पैसे ठरवले, चहा झाला, संपलं. कोपऱ्यावर पत्त्यांचा डाव रंगला होता. आज त्याला कुणी नावं ठेवत नाही. आमच्या पोरांनीही घरात डाव मांडला, चिंचोके लावून. भावाची मोठी अकरा वर्षांची आहे आणि पक्की लबाड. संध्याकाळपर्यंत माझ्या दोघांचे सगळे चिंचोके तिच्या फ्रॉकच्या खिशात.

ऊन कलल्यावर निंबाच्या झोक्यावर बसले. अडतिसाव्या वर्षी. गल्लीतल्या आम्ही सगळ्या माहेरवाशिणी, एकीला उतरवून दुसरी. वर गेलं की आमच्या घराचं मागचं अंगण दिसतं. तिथं वहिनी भांडी घासत होती. दुसऱ्यांदा वर गेले तेव्हाही भांडीच. चौथ्या-पाचव्या वेळी मी पाय टेकवून झोका थांबवला.

रात्री गच्चीवर सगळे झोपल्यावर तिला विचारलं, आखाजीला माहेरी कधी गेली होतीस? म्हणाली, 'लगीन झालं त्या सालले.' म्हणजे बारा वर्षं झाली. कारण आखाजीला लेकी येतात. लेकी आल्या की सुनेला घर सोडता येत नाही. लेक म्हणजे मी. एक वर्ष चुकवलेलं नाही मी. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, असं लिहिताना लाज वाटते, पण नव्हतं आलं.

12 मे, रविवार

पोरं मागच्या खोलीतल्या कापसात. भाव वाढेल म्हणून ठेवलाय. हमीभाव क्विंटलला 7020, माझ्या भावाला आठ हजारांच्या पुढं हवेत. छतापर्यंत ढीग. पोरं पेटीवर चढून त्यात उड्या मारतात आणि गळ्यापर्यंत बुडतात. रात्री पाचही जणांच्या अंगाला खाज. खोबरेल तेलाची बाटली संपली. भाऊ म्हणतो, उड्यांनी कापूस दबला तर वजन थोडंच कमी होणार आहे!

13 मे, सोमवार

आज मतदान. सकाळीच सगळे जाऊन आलो, म्हणजे ते सगळे. माझं नाव सुरतेत. आबांनी शाईचं बोट पोरांना दाखवलं, तर पोरांनी स्केचपेननं आपापली बोटं रंगवली.

वहिनीची पिशवी मी काल रात्रीच भरून ठेवली होती. मत दिलं की तिथूनच तिच्या माहेरी जायला पारोळ्याची एसटी. ती शेवटपर्यंत 'नको ताई'. 'मी गयू तं सयपाक कोन करी?' मी म्हटलं, मी. त्यावर मायच भडकली. 'लेक माहेरले येस ते काय चुल्हापुढे बठाले?' आबांनी मध्येच विचारलं, तिकीट अर्धंच लागतं ना आता बायांना? एवढंच. पण त्यानं काम झालं. वहिनी धाकट्याला घेऊन गेली. तिच्या दोघी पोरी म्हणाल्या आम्ही नाही येत, आमची पाव्हणी पोरं आलीयत.

आता माझ्याकडे चार पोरं, दोन म्हातारे, एक भाऊ, दोन म्हशी. म्हशी भावाकडे, देवाची कृपा.

15 मे, बुधवार

वहिनी ज्वारीचं पीठ करून गेली होती. ज्वारी तीन दिवस भिजवून, वाळवून, दळून. म्हणाली होती, आल्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करू. मला वाटलं, करूनच ठेवावेत.

पाचला चूल पेटवली. मोठ्या पातेल्यात पाणी, लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ. उकळी आली की एकीनं पीठ सोडायचं, दुसरीनं दांडक्यानं घाटायचं. दुसरी कोण? भावाची मोठी. ती घाटत होती, माय खाटेवरून हुकूम सोडत होती, आणि पीठ गडगड आवाज करत हातावर उडत होतं. गरम घाटा थोडा वाट्यांत काढून, मध्ये खळगा करून शेंगदाण्याचं तेल ओतलं. माझ्या दोघांनी आधी नाकं मुरडली, मग तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

गच्चीवर आबांची जुनी धोतरं ओली करून पसरली. हात पाण्यात बुडवायचा, गोळा ठेवायचा आणि बोटांनी थापत गोल पसरायचा. कडेची बोटं फिरत राहतात, मधलं पातळ होतं. वहिनीचे एकसारखे होतात, ताटासारखे. माझे बाहेर पातळ, मध्ये भाकरी. पोरांना एकेक कोपरा दिला. थोरल्यानं गुजरातचा नकाशा केला, कच्छसकट. धाकटीनं पाच बोटं रोवून ठेवली, म्हणाली, हे माझं आहे, सही केलीय.

नऊला गच्ची तापली, पाय ठरेना. चिमण्या हाकलायला दोघींना छत्री आणि काठी देऊन जिन्याच्या सावलीत बसवलं. मी खाली भाकरीला. बाराला वर जाऊन बघते तर एका धोतरावरची अख्खी ओळ गायब. राखणदारांच्या तोंडाला तेल लागलेलं. अर्धओले बिबडे तेलाबरोबर खाल्ले की थांबवत नाही, हे मलाही माहीत आहे. आम्हीही राखणच करायचो.

संध्याकाळी धोतराच्या मागून पाणी शिंपडून सोडवले. नकाशातलं सौराष्ट्र तुटलं. मधले जाड राहिलेले आतून ओलेच, ते परत खाटेवर. माझी पाठ मोडली. स्वयंपाकाला रात्री खिचडी, आणि आबांनी तक्रार केली नाही.

17 मे, शुक्रवार

वहिनी संध्याकाळच्या गाडीनं आली. हातात नव्या बांगड्या, पिशवीत माहेरचे आंबे. पाय धुवायच्या आधी डबा उघडला. एक बिबडं उजेडात धरून मधोमध बोट दाबलं, तुकडा मोडून चावला.

'लसून कमी पडना व ताई.'

मग धाकटीची सही बाहेर काढून वेगळी ठेवली.

रात्री वीज गेलेली. गच्चीवर खाटा घातल्या. पाणी मारलं तरी स्लॅबमधून वाफ येत होती. पोरं ओळीनं झोपली, माझी कुठली, तिची कुठली, अंधारात कळत नव्हतं. ती सांगत होती, आई बारीक झालीय, शेजारच्या घरात नवी सून आलीय, भावानं बोअर केली. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, झोपली.

'झोका काढेल नव्हता,' म्हणाली. आखाजी होऊन तीन दिवस झाले होते तरी. भावाला विचारलं तर म्हणे दोर काढायला वेळ झाला नाही. 'एवढी खोटं बोलस तो,' म्हणाली आणि हसली.

बसलीस का, मी विचारलं.

'धाकटाले मांडीवर ल्हीसन,' म्हणाली. 'मग तो झोपना. मग मी एकलीच.'

तेवढ्यात वीज आली, खाली कूलर धडधडायला लागला, आणि मायनं हाक मारली की त्यात पाणी टाका. आम्ही दोघी एकदमच उठलो.