पहिला तंत्रज्ञानप्रमुख निवडताना

‘आम्हाला सीटीओ (म्हणजे तंत्रज्ञानप्रमुख) हवा आहे, कोणी माहीत आहे का?’ असे एखाद्या नव्या कंपनीचे संस्थापक विचारतात, तेव्हा पाठोपाठ बहुधा दोन अटी येतात : उमेदवार मोठ्या कंपनीतून आलेला असावा आणि त्याने लाखो वापरकर्त्यांचा भार पेलणारी यंत्रणा उभारलेली असावी. पहिल्या टप्प्यासाठी या दोन्ही अटी मला गैरलागू वाटतात. जिच्याकडे अजून पाचशे नियमित ग्राहकही नाहीत, त्या कंपनीला आज काय बांधायचे नाही हे ठामपणे सांगणारा आणि त्या निर्णयाची जबाबदारी घेणारा माणूस हवा असतो.

भार पेलण्याची चिंता खोटी नाही, पण ती बरीच नंतर येते. २००७ साली सुरू झालेल्या फ्लिपकार्टचे दोन्ही संस्थापक स्वतः अभियंते होते. तरीही ६ ऑक्टोबर २०१४ च्या ‘बिग बिलियन डे’ या सवलतीच्या महाविक्रीच्या दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. मात्र त्या दिवशी एवढी गर्दी लोटली, ती मधल्या सात वर्षांत लोकांना हवी असलेली सेवा उभी राहिली होती म्हणून. ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेले इन्स्टाग्राम एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा तिथे अवघे १३ कर्मचारी होते आणि वापरकर्ते सुमारे तीन कोटी. त्यांची यंत्रणा जॅंगो (संकेतस्थळे बांधण्याचा तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस (माहिती साठवणारा डेटाबेस) अशा जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या साधनांवर उभी होती. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे सीटीओ कैलाश नाध यांनीही लाखो ग्राहकांचे व्यवहार काही डझन लोकांच्या तुकडीवर चालवून दाखवले आहेत. कमी माणसांत आणि ओळखीच्या साधनांत काम भागवणे ही अंगी मुरावी लागणारी शिस्त आहे, आणि मुलाखतीत मी सर्वांत आधी तीच शोधतो.

ती कशी दिसते, हे पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी उमेदवार पाहताना मला फार जवळून अनुभवता आले. दूध संकलन केंद्रांसाठी ॲप तयार करायचे होते. पहिल्या उमेदवाराने फळ्यावर सुरेख आराखडा काढला : बारा स्वतंत्र मायक्रोसर्व्हिसेस (वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्राम), त्यांच्यामध्ये निरोपांची ने-आण करणारे काफ्का, खाली हे सारे अनेक सर्व्हरांवर चालते ठेवणारे कुबरनेटिस. आराखड्यात तांत्रिक चूक एकही नव्हती. पण कंपनीत डेव्हलपर दोनच होते आणि हे बाराही भाग रात्री-अपरात्री कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात कुठेच आला नाही.

दुसऱ्या उमेदवार बाईंनी फळ्याकडे जाण्याआधी एखादे केंद्र पाहण्याची इच्छा व्यक्त केली. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात सकाळच्या संकलनाला आम्ही गेलो. किटल्या घेऊन रांग लागलेली, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन घटकांचे) आकडे येतात, दरपत्रकात दर पाहिला जातो आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. मोबाइलची रेंज मध्येच गेली, तेव्हा केंद्राच्या सचिवांनी काहीही न बोलता वही उघडली आणि नोंदी हाताने सुरू केल्या. बाईंनी त्यांना एकच प्रश्न विचारला : दहा दिवसांच्या बिलाच्या मध्येच दर बदलला तर काय करता? सचिवांनी सांगितले की जुन्या पावत्यांना जुनाच दर लागतो, आणि याच मुद्द्यावर सर्वाधिक भांडणे होतात.

परतीच्या वाटेवर त्यांनी सांगितलेला आराखडा चार-पाच वाक्यांचा होता. रेंज नसताना नोंद फोनमध्येच राहील आणि नंतर वर जाईल. छापलेली पावती बदलता येणार नाही. दुरुस्ती वेगळी नोंद म्हणून येईल. प्रत्येक दरपत्रकाबरोबर ते कोणत्या दिवसापासून लागू आहे हेही साठवले जाईल. एक सर्व्हर, एक पोस्टग्रेस डेटाबेस. आणि ज्या वैशिष्ट्यावर संस्थापकांनी गुंतवणूकदारांपुढील सादरीकरणात सर्वाधिक भर दिला होता, ते म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची तपासणी यंत्रे थेट ॲपला जोडणे, ते काम सहा महिने हाती घेऊ नये, कारण तोवर सचिवांनी आकडे हाताने भरले तरी कोणाचे काही अडत नाही. संस्थापकांच्या आवडत्या कल्पनेला पहिल्याच भेटीत, कारणासह आणि सौम्य शब्दांत नकार देणे सोपे नसते. निवड त्यांचीच झाली, आणि माझ्या मते ती त्या नकारामुळेच योग्य ठरली.

असा प्रवास प्रत्येक उमेदवाराबरोबर शक्य नसतो. मुलाखतीच्या खोलीत मी विचारतो की तुम्ही घेतलेला कोणता तांत्रिक निर्णय पुढे तुम्हालाच मागे घ्यावा लागला आणि त्याची किंमत किती पडली. ज्याने खरोखर निर्णय घेतलेले असतात, त्याच्याकडे या प्रश्नाचे सविस्तर उत्तर असते. ज्याने दुसऱ्यांच्या निर्णयांची केवळ अंमलबजावणी केली, त्याची गाडी लवकरच सर्वसाधारण विधानांकडे वळते. उमेदवाराच्या पूर्वीच्या वरिष्ठांपेक्षा त्याच्या हाताखाली काम केलेल्या कनिष्ठांशी बोलणे अधिक उपयोगाचे असते, कारण सर्व्हर बंद पडला त्या रात्री कोण जागे होते हे त्यांना नेमके आठवत असते. संस्थापक स्वतः तंत्रज्ञ नसतील, तर त्यांनी एक साधी कसोटी लावावी : अर्ध्या तासाच्या संभाषणानंतर आपल्याला आपल्याच उत्पादनाबद्दल काही नवे कळले का? शक्य असेल तिथे प्रत्यक्ष समस्येवर दोन आठवडे, योग्य मोबदला देऊन, एकत्र काम करून पाहावे.

पदाच्या बाबतीत घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली दोन वर्षे या व्यक्तीला रोज स्वतः कोड लिहायचा असतो. पुढे पन्नास जणांची तुकडी चालवण्याचे काम सर्वस्वी निराळे आहे आणि तेच माणूस त्याला पुरे पडेल असे नाही. सुरुवातीला टेक लीड (तांत्रिक तुकडीचा म्होरक्या) म्हणून नेमणूक करून पुढचा मार्ग मोकळा ठेवणे दोघांच्याही हिताचे असते. समभाग देताना चार वर्षांत टप्प्याटप्प्याने आणि पहिले वर्ष पूर्ण झाल्यावरच हक्क मिळेल, ही रूढ पद्धत सोडू नये. कर्मचारी समभाग योजनेत पर्याय (म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे समभाग घेण्याची मुभा) दिल्यापासून हक्क मिळेपर्यंत किमान एक वर्ष जावे, असे कंपनी कायद्याखालील २०१४ चे नियमही सांगतात. सहसंस्थापक म्हणून थेट समभाग दिले जात असतील, तर मध्येच बाहेर पडल्यास ते परत कसे येतील, हे करारात आधीच लिहिलेले असावे.

आधीचा कोड बाहेरच्या एजन्सीकडून लिहून घेतलेला असेल, तर कागदपत्रे तपासण्यात हयगय करू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून कर्मचाऱ्याने लिहिलेला कोड कंपनीचा असतो. बाहेरच्या कंत्राटदाराच्या कामाला मात्र हे आपोआप लागू होत नाही, त्याच्याकडून हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. कलम १९ नुसार त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. डोमेन, क्लाउड आणि प्ले स्टोअरची खातीही कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर आणावीत. हे सारे नवा प्रमुख रुजू होण्याआधी उरकावे; नाहीतर त्याचे पहिले महिने जुन्या एजन्सीकडून पासवर्ड मिळवण्यातच जातात.