अली नावाचा बहुरूपी
मार्च १९८३ मध्ये जर्मन वर्तमानपत्रांत एक छोटी जाहिरात आली. अंगापिंडाने मजबूत अशा एका परदेशी माणसाला काम हवे होते. कितीही अवजड, कितीही घाणेरडे असले तरी चालणार होते, आणि तेही कमी पैशांत. हा ‘अली’ नावाचा तुर्की मजूर म्हणजे चाळिशीतले जर्मन पत्रकार ग्युंटर वालराफ. डोळ्यांत गडद लेन्स आणि डोक्यावर काळ्या केसांचा टोप, एवढ्या भांडवलावर त्यांनी पुढची दोन वर्षे काढली. मला थक्क करते ती त्यांची भाषा. त्यांनी मोडकी जर्मन मुद्दाम अशी शिकून घेतलीच नव्हती. काही शब्दांची शेवटची अक्षरे गाळायची, वाक्य उलटसुलट करायचे, नाहीतर सरळ कोलोनची बोली जराशी तोडून बोलायची, एवढेच. तरीही कोणाला संशय आला नाही, कारण अलीचे बोलणे नीट ऐकावे असे मुळात कोणाला वाटतच नव्हते.

वेषांतर त्यांना नवे नव्हते. १९६३ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत बंदूक हाती घ्यायला नकार दिल्यामुळे त्यांची रवानगी मनोरुग्ण विभागात झाली होती आणि तिथली रोजनिशी हेच त्यांचे पहिले गाजलेले लेखन ठरले. पुढे कारखान्यांत मजुरी करून त्यांनी वार्तापत्रे लिहिली. १९७७ मध्ये ‘हान्स एसर’ या नावाने ‘बिल्ड’ या सनसनाटी जर्मन दैनिकाच्या हानोव्हर कचेरीत शिरून तिथे बातम्या कशा रचल्या जातात तेही त्यांनी लिहिले. त्यावरचा खटला घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला. फसवून मिळवलेली माहिती लोकहित फार मोठे असेल तरच छापता येईल, असे १९८४ च्या निकालाने ठरवले आणि संपादकीय बैठकीचे वर्णन काही त्या कसोटीला उतरले नाही. मला हा निकाल रास्त वाटतो.

अलीची कसोटी मात्र वेगळी होती. ठेकेदारामार्फत डुइसबुर्गच्या थिसन पोलाद कारखान्यात तो धूळ उपसत होता. शेवटी वालराफ यांनी एक बनाव रचला: अणुवीज केंद्रात दुरुस्तीसाठी तुर्की मजूर हवे आहेत, किरणोत्सर्गाचा धोका आहे आणि काम झाल्यावर ते मायदेशी निघून गेलेले बरे. ठेकेदार तयार झाला. १९८५ मध्ये ‘गान्झ उंटेन’, म्हणजे ‘अगदी तळाशी’, या नावाने हे सारे प्रसिद्ध झाले, लाखो प्रती खपल्या आणि सरकारी चौकश्याही लागल्या. स्वीडिश भाषेत तर अशा शोधाला त्यांच्याच नावावरून क्रियापद आहे.

२००९ मध्ये त्यांनी चेहरा काळा रंगवून सोमाली निर्वासिताचे सोंग घेतले, तेव्हा टीका झाली ती कृष्णवर्णीय जर्मनांकडून. आमचा अनुभव आम्ही सांगतोच आहोत, तो एका गोऱ्याच्या तोंडून ऐकायची गरज का पडावी, असा त्यांचा सवाल होता. वालराफ यांचा चाहता असूनही मला त्यावर उत्तर सापडलेले नाही.