पूर्वेचा कडा

वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या एका गिट्टी खदानीवर मी अकरा वर्षांपासून फोरमन आहे. गेल्या वर्षी खाणपट्ट्याची मुदत संपत आली आणि मार्चमध्ये आम्ही खदान बंद करायच्या कामाला लागलो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्या खदानींनाही जमीन पूर्ववत करायचा आराखडा द्यावा लागतो. आमच्या आराखड्यात लिहिलं होतं : उभे कडे मोडून उतार करणे, माती पसरणे, गिरिपुष्प व सुबाभूळ लावणे. मला ते सगळं बरोबरच वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी साडेसातला पोकलेन पूर्वेच्या कड्याखाली लागली. हा आमचा सगळ्यात जुना कडा. वर पाचेक फूट मुरूम, खाली काळा पाषाण. चार वर्षांत तिकडे सुरुंग लागला नव्हता. ऑपरेटरने बकेट उचलली आणि वरून हाक आली. रोज गवळाऊ गुरं घेऊन तिकडून जाणारे नंदा गवळी समाजाचे एक बावाजी काठी हलवत उभे होते.

"थांबवा ना भाऊ ते! त्या कपारीत घुबडाचे पिल्लं हायेत. कायले पाडता तो कडा?"

मी मशीन बंद करायला लावली. कपार जमिनीपासून वीस-बावीस फुटांवर. सर्व्हेअर आलेलाच होता, त्याच्या टोटल स्टेशनची (मोजणी यंत्राची) दुर्बीण तिकडे वळवली. तीन पिल्लं होती, तिन्ही वेगवेगळ्या मापाची. सगळ्यात धाकटं म्हणजे नुसता मळकट कापसाचा बोळा, आणि त्या बोळ्यात दोन नारिंगी डोळे सरळ माझ्याकडे लागलेले. शृंगी घुबड. घरटं काही नाही, उघड्या दगडावरच बसलेली. मादी समोरच्या बाभळीवर जाऊन बसली होती.

कड्याच्या पायथ्याशी करड्या गोळ्या पडल्या होत्या. कितीतरी दिवस मी त्यांना कोल्ह्याची विष्ठा समजून ओलांडत होतो. घुबड पचत नाही ते असं ओकून टाकतं, हे त्या दिवशी कळलं. एक गोळी काडीने फोडली तर आत केसांच्या गुंत्यात उंदरांचे तीन जबडे, पिवळे दात जसेच्या तसे. आजूबाजूला सगळा हरभरा आणि गहू आहे. या जोडप्याने त्या शेतांचं किती राखलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मालकांना फोन केला. पोकलेन तासाच्या भाड्यावर उभी होती, त्यामुळे आधी ते चिडले. मी सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबडाला संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी पिल्लं उडेपर्यंत मी या कड्याला हात लावू देणार नाही. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरीकडं लावा मशीन."

अकराच्या सुमारास वनरक्षक आले. त्यांनी वरच्या मुरमातली भोकं दाखवली, खाली ताजी माती सांडलेली. वेड्या राघूंची बिळं. बोर व्याघ्र प्रकल्प जवळ असल्याने आमच्याकडे वन्यजीव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाघच येतो. हे पक्षी आमच्याच खोदकामाने उघड्या पडलेल्या कड्यात राहायला आले होते, आणि आराखड्याप्रमाणे गेलो असतो तर जमीन सुधारण्याच्या नावाखाली त्यांची घरं आम्हीच सपाट केली असती.

दुपारी बावाजींसोबत बसलो. खदानीआधी इथं गवताचा माळ होता, त्यांच्या वडिलांनी इथं गुरं चारली होती. गवताच्या माळावर सुबाभूळ लावली की ती माजते, गवत दबतं. मग आमची झाडांची यादी कुणासाठी होती? आराखड्यात बदल मागणारा अर्ज त्याच आठवड्यात केला. पूर्वेचा कडा तसाच ठेवायचा, गुरं पडू नयेत म्हणून वर दहा मीटर मागे दगडांचा बांध आणि बोराटीचं कुंपण. बाकीच्या बाजूंना उतार, आणि झाडांऐवजी गवत.

मे महिन्यात पिल्लं कपार सोडून खडकांवर फिरू लागली. दिवाळीनंतर बावाजींच्या कुरणातून पवन्या आणि मारवेल या गवतांचं बी आणलं आणि यंदाच्या जूनमध्ये पहिल्या पावसाआधी पेरलं.

उत्तरेच्या उतारावर ते आता घोट्याएवढं आलंय. दक्षिणेला काहीच नाही. पट्टा उघडताना तिथली वरची काळी माती वेगळी साठवून ठेवायला हवी होती. मी ती मुरमाच्या ढिगाखाली ढकलू दिली. ती चूक माझी. ढीग उपसून ती माती शोधायचं काम सोमवारपासून सुरू करतोय. बावाजींनी आणखी दोन पोती बी राखून ठेवलंय.