दुसऱ्याचा कोड वाचताना

शुक्रवार, रात्री उशिरा

प्लेसमेंटमध्ये, म्हणजे कॉलेजच्या शेवटी कंपनीत करायच्या कामात, मला मिळालेलं तारखेचं तिकीट (दुरुस्तीसाठी नोंदवलेली चूक) आज बंद झालं. एका अहवालात काही वापरकर्त्यांना नोंदीची तारीख एक दिवस आधीची दिसायची, बाकीच्यांना अगदी बरोबर. दुरुस्ती जेमतेम चार-दोन ओळींची निघाली. पण त्या ओळी नेमक्या कुठे आहेत हे शोधण्यात जवळजवळ सगळा आठवडा गेला. तो सविस्तर लिहून ठेवतेय, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये असं काम कधीच वाट्याला आलं नव्हतं.

पहिली अडचण ही, की ऑफिसात कुणाच्याच मशीनवर ही चूक दिसेना. मेंटॉर मॅडमना विचारलं, तर त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं, "कुणाकडे चुकतंय आणि कुणाकडे नाही, ते आधी वेगळं करून बघितलंस का?" तक्रारी पुन्हा वाचल्या. सगळ्या तक्रारी यूटीसीच्या, म्हणजे जगभर आधार धरलेल्या प्रमाण वेळेच्या, मागे असलेल्या टाइमझोनमधून आल्या होत्या. मशीनचा टाइमझोन बदलून पाहिला आणि पाच तारीख क्षणात चार झाली. चूक हातात आल्याचा एवढा आनंद होतो, हे आजवर ठाऊक नव्हतं.

कारण जावास्क्रिप्टच्या नियमात आहे. वर्ष-महिना-दिवस अशा प्रमाण रूपात नुसती तारीख लिहिलेला मजकूर डेट ऑब्जेक्टला (या भाषेत तारीख-वेळ धरून ठेवणाऱ्या रचनेला) दिला, तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. त्याच मजकुरात वेळही असेल, पण टाइमझोन नसेल, तर मात्र ती स्थानिक वेळ धरली जाते. म्हणजे ज्याचं घड्याळ यूटीसीच्या पाच तास मागे आहे, त्याच्या पडद्यावर पाच तारखेची मध्यरात्र ही चार तारखेची संध्याकाळ होते. नियम दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला आहे. पण तो वाचायची गरज पडावी असा एकही प्रश्न आमच्या प्रॅक्टिकलच्या यादीत नव्हता.

मग प्रश्न उरला, की आधी हे बरोबर चालत होतं तर बिघडलं कधी? इथे मॅडमनी गिट बायसेक्ट दाखवलं. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, आणि त्यातली एकेक नोंद म्हणजे कमिट. चांगली असलेली एक जुनी कमिट सांगायची, वाईट असलेली एक नवी सांगायची, आणि गिट मधली कमिट काढून देतं. तिथे तपासायचं, चांगली की वाईट ते कळवायचं, की उरलेल्यातला अर्धा भाग बाद. हजारभर कमिट असल्या तरी साधारण १० तपासण्यांत दोषी कमिट सापडते. हे बायनरी सर्चच आहे! पहिल्या वर्षी क्रमवार लावलेल्या आकड्यांमध्ये एक आकडा शोधायचा तो प्रोग्रॅम आम्ही लिहिला होता, व्हायवातही तोच प्रश्न आला होता. तेव्हा पाठ होता. इथे क्रमाने लागलेला होता तो एका सॉफ्टवेअरचा इतिहास, आणि शोधायची होती ती पहिल्यांदा बिघडल्याची जागा. त्याच अल्गोरिदमकडे मी आता वेगळ्याच आदराने बघते.

तपासणी आपोआप व्हावी म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिने शून्य परत केला तर कमिट चांगली, एक परत केला तर वाईट. काही जुन्या कमिट बिल्डच होत नव्हत्या, म्हणजे त्यांतून चालणारा प्रोग्रॅमच तयार होत नव्हता; त्यांच्यासाठी १२५ हा आकडा राखलेला आहे, म्हणजे ही तपासता येत नाही, वगळून पुढे जा. हे ज्यानं ठरवलं, त्यानं मोडक्या इतिहासात काम केलेलं असणार, असं वाटून गेलं. गिटची सुरुवात लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी केली, हे आम्हाला शिकवलं होतं. कॉलेजात मात्र आम्ही त्याचा वापर सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या फायली एकदम चढवण्यापुरताच करायचो.

सापडलेली कमिट वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. कुणीतरी सर्व्हरच्या उत्तरातून वेळेचा भाग काढून टाकला होता आणि संदेशात कारणही लिहिलं होतं: या नोंदींना वेळेचा अर्थ नाही, फक्त तारीख पाठवू. हा निर्णय चुकीचा नव्हता. उलट जास्त नेमका होता. फक्त पलीकडे तो मजकूर डेट ऑब्जेक्टमध्ये घालणारा कोड होता, त्याला याची कल्पना नव्हती. दोन्ही बाजू आपापल्या जागी शहाण्या, आणि चूक त्यांच्या मधोमध. अशी चूक एकट्याने रिकाम्या फायलीपासून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सहसा घडतच नाही. आमच्या असाइनमेंटमध्ये इनपुट ठरलेलं, आउटपुट ठरलेलं, मार्क मिळाले की प्रोग्रॅमचं आयुष्य संपलं. त्यात सहा महिन्यांनी कुणी बदल करत नाही, म्हणून बदल करणाऱ्याला काय कळायला हवं याचा विचारही करावा लागत नाही.

दुरुस्तीत मी तारखेचं डेट ऑब्जेक्ट करणंच थांबवलं, तारीख तारीख म्हणूनच ठेवली. सोबत यूटीसीच्या मागच्या टाइमझोनमध्ये चालणारी एक चाचणी जोडली. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे माझा कोड वाचून तपासताना, मॅडमनी चाचणीचं नाव बदलायला सांगितलं, म्हणजे ती कधी मोडली तर नाव वाचूनच कारण कळेल. सहकाऱ्याचा कोड शिस्तीने वाचायची पद्धत इंटरनेटवरच्या साधनांच्या कितीतरी आधीची आहे. मायकेल फॅगन यांनी आयबीएममधल्या अशा तपासणीबद्दल १९७६ मध्ये लिहिलं होतं. माझा कोड मार्क देण्यासाठी नव्हे, तर उद्या त्याच्याबरोबर राहायचं आहे म्हणून कुणीतरी ओळ न् ओळ वाचला, याचं मला खरंच अप्रूप वाटलं.

रविवार

मैत्रिणीशी फोनवर बोलणं झालं. तिच्या प्लेसमेंटमध्ये तिला अजून रिपॉझिटरीचा, म्हणजे कंपनीचा कोड जिथे ठेवतात त्या साठ्याचा, ॲक्सेसच मिळालेला नाही. दिवसभर व्हिडिओ बघायचे आणि मधूनमधून एक्सेल शीट भरायची. तिला प्रमाणपत्र मिळेल, तेही माझ्यासारखंच. हे मला फार लागलं. ती माझ्यापेक्षा चांगला कोड लिहिते.

कॉलेजचं शिक्षण आणि प्रत्यक्ष काम आलटून पालटून द्यायची कल्पना काही नवी नाही. हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ सालीच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू केली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये याच पद्धतीवर उभं राहिलं. तिथे अभ्यासाचं सत्र, मग कामाचं, मग पुन्हा अभ्यासाचं. मला यातलं परत येणं सगळ्यात मोलाचं वाटतं. आमची प्लेसमेंट अगदी शेवटी येते. बायसेक्ट बघितल्यावर बायनरी सर्च पुन्हा वर्गात शिकायला मिळालं असतं, तर मी किती वेगळे प्रश्न विचारले असते.

विभागप्रमुख सरांना पत्र लिहायला घेतलंय. मागणी दोनच ठेवल्यात. प्लेसमेंट मंजूर करताना कंपनीला एवढंच विचारा: विद्यार्थ्याला खऱ्या रिपॉझिटरीतलं खरं तिकीट मिळेल का, आणि त्याचा कोड वाचणारं कुणी आहे का? दुसरी मागणी लॅबबद्दल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना नवा प्रकल्प देण्याऐवजी आमचा मागच्या वर्षीचा द्या. त्यात एक बदल करायला सांगा, आणि जुनं काही मोडलं नाही हे चाचण्यांनी दाखवायला लावा. आमच्या प्रकल्पात चाचण्या नाहीत, सूचनांची फाइलही अर्धवट आहे, म्हणजे सराव भरपूर होईल. ज्यांना त्यापुढे जायचंय त्यांना मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेले, प्रकल्प आहेत. असे अनेक प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहब या संकेतस्थळावर नवख्यांसाठी सोप्या कामांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी खूण केलेली असते, तिथून सुरुवात करता येईल.

मूल्यमापन कसं करायचं, हे सर नक्की विचारतील. माझं म्हणणं, कमिटचे संदेश वाचा. काय बदललं ते जुन्या-नव्या कोडच्या फरकात दिसतंच. का बदललं हे विद्यार्थ्याला सांगता येतंय का, त्याला मार्क द्या. पत्रात हा मुद्दा अजून नीट उतरलेला नाही, उद्या जेवणाच्या सुट्टीत मॅडमना दाखवून मग पाठवेन.