अण्णांच्या रायफलीची हलकी नळी

"काड्याच्या पेटीखाली तिन्ही भोकं झाकत्यात की! आनी काय बगायचं राह्यलं?" अण्णा खुशीत होते. पन्नास मीटरवर तीन गोळ्या २८ मिलिमीटरमध्ये. मी म्हटलं, "अण्णा, अजून सात मारा. थांबू नका."

अण्णा पाटणकडचे शेतकरी. त्यांची रायफल जुनी पॉइंट ३१५ बोल्टची, म्हणजे दर गोळीला हातानं खिट्टी मागंपुढं करायची, आणि कुणीतरी कधीकाळी वजन कमी करायला नळी बाहेरून तासून घेतलेली. खांद्यावर घेऊन डोंगर चढायला झकास. मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, त्यामुळे बारीक नळी दिसली की माझा हात आधी तिच्या बुडाशी जातो. फौजेची इन्सास रायफल आणि इन्सासची एलएमजी (हलकी मशीनगन), दोन्हींची गोळी ५.५६ मिलिमीटरचीच, तरी एलएमजीची नळी जाड, कारण तिला सलग फायर झेलायचं असतं.

रेंजवर मी दुर्बिणीतून बघत प्रत्येक भोकाचा नंबर वहीत मांडत होतो. हे नंबर टाकणं फार महत्त्वाचं. नुसता ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, मोजला तर कळतं किती फाकला. नंबर असले तर कळतं कुठं निघाला. चौथी गोळी बरी. पाचवीपासून भोकं डावीकडे वर चढत गेली, एकामागोमाग. दहा गोळ्यांचा ग्रुप ७४ मिलिमीटर. अण्णांचा चेहरा उतरला, पण चूक त्यांच्या हाताची नव्हती. हाताची चूक सहसा चहूकडे पसरते, अशी ओळीनं चालत नाही. बारीक नळी लवकर तापते, आणि तिच्यात ताण अडकलेला असेल किंवा लाकूड एका बाजूनं रेटत असेल, तर तापताना ती एकीकडे झुकते.

म्हणून दहाची नोट घेतली आणि नळी व लाकडी दस्त्याच्या मधून सरकवली. उजवीकडे मध्येच अडकली. पाटणच्या पावसानं अक्रोडाचं लाकूड फुगून नळीला टेकलं होतं. तेवढीच जागा पॉलिशपेपरनं घासली, जवसाचं तेल पाजलं. पुढच्या खेपेला दहा गोळ्या ४६ मिलिमीटरमध्ये आल्या. शेवटच्या दोन तरीही वरच. ते धातूचं आहे, माझ्या हातात नाही.

पण शेतात अण्णांना सलग दहा मारायच्याच नाहीत. त्यांच्या कामाची ती पहिली, थंड नळीतली गोळी. आणि तीच कुणी तपासत नाही! म्हणून आता आम्ही नेमाचं एकच कार्ड वापरतोय. रेंजवर जायचं, फुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कोरडी चिंदी लावून नळीतलं तेल नीट पुसायचं (तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते), एकच गोळी मारायची, तारीख लिहायची आणि कार्ड गुंडाळून घरी. चार सकाळी झाल्या. चारही भोकं काड्याच्या पेटीखाली झाकतात, फक्त पेटी मध्यापासून बोटभर खाली धरावी लागते. पाचवी गोळी रविवारी. त्यानंतरच साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, हात लावीन.