फलकावर वेळ लागली, पण विक्रम अजून व्हायचा होता

फलकावर वेळ लागली आणि सांगली जिल्ह्यातून आलेल्या त्या पोराच्या सरांनी टोपी हवेत भिरकावली. दिल्लीचं इंदिरा गांधी क्रीडा संकुल, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला २५० मीटरचा लाकडी, बंदिस्त सायकलिंग ट्रॅक. २०२२ मध्ये रोनाल्डो सिंगनं आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंटचं रौप्य मिळवलं ते इथेच. त्या दिवशी ज्युनिअर मुलांच्या फ्लाइंग २०० ची पात्रता चालू होती आणि पोरानं राष्ट्रीय विक्रमापेक्षा कमी वेळ दिली होती. सगळे त्याला उचलायला धावले. कमिसेअर, म्हणजे शर्यतीचा पंच म्हणून मला आधी ओरडावं लागलं, "त्याला पाणी द्या, आणि सायकल कुणी हलवू नका!"

फ्लाइंग २०० मध्ये खेळाडू साडेतीन फेऱ्या मारतो. बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या वळणावरच्या उतरत्या भिंतीवर उंच चढतो, तिथून खाली झेपावत वेग घेतो. वेळ मोजली जाते ती फक्त शेवटच्या २०० मीटरची, रेषांवर चिकटवलेल्या पट्ट्यांवरून चाक गेलं की. ताशी ७२ किलोमीटरचा वेग धरला तर सेकंदाच्या हजाराव्या भागात सायकल दोन सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणून विक्रमाला इलेक्ट्रॉनिक वेळच लागते. जिल्ह्याच्या निवड चाचणीतली स्टॉपवॉचची वेळ वहीवर लिहून, सही-शिक्का मारून 'विक्रम नोंदवा' म्हणत आलेले प्रशिक्षक मी पाहिले आहेत. पोरांची मेहनत खरी असते, त्यामुळे नाही म्हणताना जीव तुटतो. पण अंगठा दोन दशांश इकडेतिकडे झाला तरी चार मीटरचा फरक पडतो.

टायमिंगवाल्यांकडून छापील पट्टी घेतली, तिच्यावरचा क्रमांक पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. सायकल काट्यावर ठेवली. ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. मग ती मापाच्या चौकटीत बसवली. सगळं बरोबर निघालं.

खरी परीक्षा पुढे होती. नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं पथक त्या दिवशी आलेलं होतं आणि त्यांनी पोराला चाचणीसाठी बोलावलं. जागतिक विक्रमाला डोप टेस्ट बंधनकारकच आहे. राष्ट्रीय दाव्याच्या कागदांतही ती असली की पुढे कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. पोराला यातलं काही माहीत नव्हतं. पथकातला एक अनोळखी माणूस सावलीसारखा मागे फिरतोय म्हटल्यावर तो पांढराफटक पडला. लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो, आणि घामानं सगळं पाणी निघून गेलेलं. तासाभरानं सर चाचणीच्या खोलीतून बाहेर आले.

"साहेब, तो फॉर्मवर गोळीचं नाव लिहायला तयार नाही. परवा ताप होता, पॅरासिटामॉल घेतली होती. लिहिली तर अडकू म्हणतोय."

सात दिवसांत घेतलेली औषधं त्या फॉर्मवर विचारतातच. मी सरांना म्हटलं, "पॅरासिटामॉलवर बंदी नाही. जे घेतलंय ते सगळं लिहू दे, काही लपवू नका. आणि त्याला सांगा, नमुन्याच्या बाटल्यांचं किट त्यानं स्वतःच्या हातानं निवडायचं, बाटल्यांवरचे आकडे फॉर्मशी जुळवून मगच सही करायची. हा त्याचा हक्क आहे. अठराच्या आतला आहे तो, त्याला एकटं सोडू नका." सर धावतच आत गेले.

आपण पोरांना गिअर शिकवतो, रेषा शिकवतो, बँकिंगवरून उतरायचा नेमका क्षण शिकवतो. ही खोली मात्र कुणी शिकवत नाही. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं गुन्हेगारासारखं भेदरून बसावं, याचा मला अजून राग येतो. जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक शिबिरात कुणीतरी तासभर द्यावा, रिकामा फॉर्म समोर ठेवून तो भरून घ्यावा. तेवढ्यानं भागेल.

नमुना झाला. वेळेची पट्टी, निकालपत्र, सायकल तपासणीची नोंद आणि चाचणी झाल्याचा उल्लेख, असे सगळे कागद एकत्र करून सह्या घेतल्या आणि फेडरेशनच्या माणसाच्या हाती दिले.

"गावात फ्लेक्स लावायला सांगू का?" सरांनी विचारलं.

"मंजुरीचं पत्र येऊ द्या, मग खुशाल लावा. सकाळी स्प्रिंटच्या फेऱ्या आहेत. आधी त्याला जेवायला घाला."